पहिलं कलम पाण्याचं

भोकरवाडी, ता. आटपाडी
६ ऑक्टोबर १९९६

चि. दीपमाला,
जयभीम आणि आशीर्वाद.

आपल्या दोन्ही घरांत पयली ग्रॅज्युएट तू, म्हणून अवघड काम तुझ्याकडं लावतोय. फौजेत चौदा वर्षं हुकूम वाचले, पण हे काम हुकमाचं न्हाई.

आपली वाडी करंजखेडच्या ग्रुप पंचायतीत हाय हे तुला म्हाईत हाय. ते मोठं गाव, आपण चार मैलांवरची वाडी. मतं त्यांची जास्त, म्हणून दिवे त्यांचे, गटार त्यांची, रस्ताबी त्यांच्या वेशीपर्यंतच. साधा दाखला पायजे तर चार मैल चालत जायाचं, आन ग्रामसेवक तालुक्याला गेलेला असतोय. औंदा आमी ठरवलं, वेगळं व्हायचं. आपली पंचायत आपण करायची. बौद्धवस्ती, धनगरवस्ती, मराठ्यांची घरं, समद्यांनी सह्या-अंगठे दिले. घरोघर मीच फिरलो.

आता घोडं अडलंय ते डेअरीवर. वाडीतल्या बायका सकाळी दूध काढत्यात, किटल्या करंजखेडच्या डेअरीत जात्यात, आन तिथनं दुधाची गाडी उचलती. आपल्याकडं गाडी येत न्हाई, रस्ताच न्हाई तर कुठनं येणार? डेअरीचे चेअरमन नानासो मला म्हणाले, "हवालदार, पंचायत एक आन डेअरी एक, असं आमच्या बापांनी बांधलेलं हाय. एक दावं सोडायचं तर दुसरंबी सुटंल."

वेगळं झालो आन दूध बंद झालं तर? राहीबाईच्या दोन म्हशींवर तिचं घर चालतंय. तिनं अंगठा दिला तो माझ्या तोंडाकडं बघून. उद्या तिला तोंड कसं दावू?

तू राजकारणाचं शास्त्र शिकतीस. दुनियेत कुणी घरातनं वेगळं निघून चूल चालू ठेवलीया का? असंल तर कळव. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय येणार हाय.

अंजनाला सांग, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा मामा,
केरू

•

कोरेगाव
१७ ऑक्टोबर १९९६

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून मला दोन दिवस झोप लागली नाही. आजवर मी जे शिकले ते परीक्षेसाठी शिकले. कुणीतरी ते वापरायला मागितलं, असं पहिल्यांदाच झालं.

साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात शोध शोध शोधलं. आणि मामा, सापडलं! ग्रीनलँड नावाचा प्रदेश आहे, पार उत्तरेला, सगळा बर्फाचा. माणसं जेमतेम पन्नास हजार, आपल्या एका तालुक्यापेक्षा कमी. तो डेन्मार्कच्या राज्यात आहे. युरोपातल्या देशांनी मिळून एक संघ केला: बाजार एक, नियम एक. डेन्मार्क त्यात गेला, म्हणून ग्रीनलँडलाही जावं लागलं. तिथल्या बहुतेकांना जायचं नव्हतं, पण मोजणीत त्यांची मतं किती? पुढे १९८२ साली त्यांनी स्वतःचं मतदान घेतलं आणि ठरवलं, बाहेर पडायचं. त्यानंतर तीन वर्षं नुसती बोलणी चालली. कारण त्यांचं पोट मासळीवर, आणि मासळीचा बाजार त्याच संघात! तुमच्या दुधासारखंच.

शेवटी काय झालं ते नीट वाचा. ते बाहेर पडले. मासळी मात्र पूर्वीसारखीच, जकात न भरता, त्या बाजारात जात राहिली. कारण त्यांचा समुद्र संघाच्या बोटींना हवा होता. त्यांनी बोटींना मासेमारीची परवानगी दिली, मोबदलाही घेतला आणि बाजार राखला.

म्हणजे बाहेर पडताना विनवणी करायची नसते, मामा. समोरच्याला आपल्याकडचं काय हवं आहे ते आधी शोधायचं असतं. वाडीकडे असं काय आहे, त्याची यादी करून पाठवा. मग मी मसुदा करते.

आई हसते आहे. म्हणते, "मामाला माशाचं काय सांगतीस? आटपाडीत उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतंय." गुडघा बरा आहे, असं लिही म्हणाली. बरा नाही.

तुमची,
दीपमाला

•

भोकरवाडी
५ नोव्हेंबर १९९६

चि. दीपमाला,
जयभीम.

तुझं पत्र पारावर मोठ्यानं वाचून दावलं. लय दंगा झाला. राहीबाई म्हणाली, "तिथं म्हशी हायत का?" मी म्हणलं न्हाईत, बर्फ हाय. तर म्हणती, "मग बाया दिसभर करत्यात तरी काय?" जोतिबा धनगरानं विचारलं, पन्नास हजार माणसांत पुढारी किती? म्हणलं पत्रात न्हाई. "मग कमीच असतील, म्हणून सुटले," म्हणाला.

पण गोष्ट समद्यांना पटली. आपल्यागत कुणीतरी निघालं हुतं आन उपाशी मेलं न्हाई, एवढं कळलं तरी माणसाची छाती रुंद हुती.

मी तेच घेऊन करंजखेडला गेलो. नानासो सोप्यात बसले हुते. वय सत्तरच्या पुढं, आवाज अजून पाटलाचा. म्हणाले, "काय रं हवालदार, फौजेत फाळणी शिकीवली व्हय तुला?"

म्हणलं, "न्हाई नानासो, सरहद्द संभाळायला शिकीवली."

हसले. पण डेअरीचं काढलं तसं त्वांड फिरवलं. "बाहेरच्यांचं दूध आमी घेत न्हाई."

आता तुझी यादी. वाडीकडं हाय काय? दगूड हाय, बाभळी हायत, वारा हाय. करंजखेडला यातलं काय नको. त्यांच्याकडं समदं हाय, फकस्त उन्हाळ्यात त्यांच्या हिरी आटत्यात. माघापासनं त्यांची जनावरं आपल्या पाझर तलावावर येत्यात, राहीबाईच्या रानातनं खाली उतरत्यात. ते तर पयल्यापासनंच चाललंय. तवा यादी कोरीच समज.

केरू

•

कोरेगाव
१९ नोव्हेंबर १९९६

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

यादी कोरी नाही! तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हालाच दिसलं नाही. पाझर तलाव! तोच आपला समुद्र.

तलाव सरकारी आहे हे मला कळतं. पण तिथं उतरायची वाट राहीबाईंच्या खासगी रानातून जाते आणि ते रान वाडीच्या हद्दीत आहे. माघ ते जेठ, पाच महिने करंजखेडची जनावरं त्या वाटेवर जगतात. नानासोंना दुधावरून तुम्हाला अडवता येतं, कारण तुम्ही त्यांना वाटेवरून कधी अडवलं नाही.

सोबत मसुदा पाठवते आहे. साताऱ्याला टाईप करून घेतला, पाच प्रती. दुसरं कलम मुद्दाम स्पष्ट लिहिलं आहे: "भोकरवाडीचे दूध पूर्वीप्रमाणे न स्वीकारल्यास तलावाकडे जाणारी वाट जनावरांसाठी बंद करण्यात येईल." आमच्या सरांना दाखवलं. म्हणाले, "तू वकील व्हायला हवं होतंस."

ग्रामसभेत हे वाचून दाखवा, मामा. मग बघा कोण तोंड फिरवतं ते.

तुमची,
दीपमाला

•

कोरेगाव
२८ डिसेंबर १९९६

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

सव्वा महिना झाला, तुमचं उत्तर नाही. मसुदा पोचला ना? पोस्टात गहाळ झाला असेल तर एक प्रत माझ्याकडे आहे, लगेच पाठवते. ग्रामसभेला एकच महिना उरला. की प्रकृती बरी नाही? आई काळजीत आहे. दोन ओळी तरी लिहा.

दीपमाला

•

भोकरवाडी
७ जानेवारी १९९७

चि. दीपमाला,
जयभीम.

प्रकृती चांगली हाय. मसुदा पोचला, ट्रंकंत हाय. तो कुणाला वाचून दावला न्हाई.

रागावलो न्हाई पोरी. तू लिवलंस झकास. पण ते दुसरं कलम वाचलं आन मला पुढं वाचवंना.

तुझ्या आईनं तुला एक गोष्ट सांगितली नसंल. ती सहा वर्षांची हुती, मी दहाचा. आमची आई आमाला घेऊन करंजखेडच्या हिरीवर जायाची. हिरीला हात लावायचा न्हाई. लांब उभं ऱ्हायाचं, कुणाला दया आली तर वरनं घागरीत वतायचं. एकदा वैशाखात दुपार झाली तरी कोण वतंना. हिरीशेजारी जनावरांची डोण हुती दगडाची, भरलेली. अंजनानं जाऊन डोणीत त्वांड लावलं. तिच्या पाठीत काठी बसली. मारणारा कोण, त्याचं नाव आता काढून काय करायचं? त्याच वक्ताला एक म्हस डोणीत पाणी पीत हुती. तिला कोण काय म्हणलं न्हाई.

तवा मला कळलं, पाणी अडवणं म्हंजी काय. आन आता तू, अंजनाची लेक, टाईप करून पाठवतीस की जनावरांचं पाणी बंद करू. तुला म्हाईत नव्हतं, म्हणून दोष देत न्हाई. पण हा कागद माझ्या हातानं त्या गावात जाणार न्हाई.

मी माझा कागद केलाय. पयलं कलम पाण्याचं: तलाव आन वाट करंजखेडच्या जनावरांना कायम मोकळी राहील. दुसरं कलम दुधाचं. दोन्हीच्या मधी 'तर' न्हाई.

वाडीतले माझ्यावर चिडल्यात. राहीबाई म्हणली, "हवालदार, हातात एकच पत्ता हुता, तोबी उघडा टाकला." तिचं खरं असंल. पण मला तो पत्ता खेळताच येत न्हाई.

केरू

•

कोरेगाव
१५ जानेवारी १९९७

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र हातात घेऊन मी आईकडे गेले. ती भाकरी थापत होती. विचारलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "व्हय. पाणी गार हुतं." एवढंच. 

मला माफ करा. एका घरात राहून, एवढी पुस्तकं वाचून, मला हे ठाऊक नव्हतं.

तरी मनातली भीती लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्याशी खोटं वागायचं नाही. तुम्ही आधी देऊन टाकणार, आणि त्यांनी घेतलं आणि काहीच दिलं नाही तर? चांगुलपणाला उत्तर मिळालंच पाहिजे असा नियम मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. मी रोज शोधते आहे.

सव्वीसला दिवसभर लक्ष तुमच्याकडे असेल.

तुमची,
दीपमाला

•

भोकरवाडी
२३ फेब्रुवारी १९९७

चि. दीपमाला,
जयभीम.

पत्राला उशीर झाला, कारण अर्धवट लिवायचं नव्हतं. आता समदं सांगतो.

सव्वीसला झेंडावंदन झालं, सभा बसली. मी पयलं कलम वाचलं.  नानासो म्हणाले, "आन याच्या बदल्यात?"

म्हणलं, "बदल्यात काय न्हाई. हे आदी लिवून घ्या, मग दुधाचं बोलू."

मागनं कोणतरी वराडलं, "पाणी तर मिळालं की रं! आता दुधाला फाटा द्या!" लोक हसले. नानासो हसले न्हाईत, पण विषय तहकूब केला. आमी रिकाम्या हातानं परत आलो. चार मैल समदी माझ्या म्होरं चालत ऱ्हायली. तुझी भीती खरी झाली, असं मनात म्हणत हुतो.

तिसऱ्या दिशी सकाळी बघतो तर राहीबाईनं तिच्या रानाच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या आडव्या लावलेल्या. वाट बंद. मी गेलो. म्हणलं, "राहीबाई, मी शब्द दिलाय."

"तुमी दिला. रान माझं हाय."

"आवं, जनावरं येतील आता."

"येऊ द्यात. तुमच्या आईला यांनी पाणी दिलं न्हाई, समद्या वाडीला म्हाईत हाय. आन तुमीच यांना पाणी पाजताय?"

म्हणलं, "म्हणूनच पाजतोय."

तिला काय ते पटलं न्हाई. पदर खोचून फांद्यांम्होरं उभी ऱ्हायली. मला तिच्या रानातली काटकी उचलायचा हक्क न्हाई. मीबी उभा ऱ्हायलो.

मग जनावरं आली. साठ-सत्तर हुती, म्होरं नानासोंची खिलार जोडी, मागं म्हशी. पाण्याचा वास आला आन फांद्यांपाशी अडली. एक गाभण म्हस हुती, ती रेकाय लागली. तू म्हशीचं रेकणं ऐकलंयस का, तहानलेल्या? पोटातनं येतंय. राहीबाईनं कानावर पदर घेतला. मग दुसरीकडं बघाय लागली. मग एकदम गुराख्यावर वराडली, "मुडद्या, बघतोस काय? त्या टोकानं धर की!" आन स्वतःच फांदी वढाय लागली. हाताला काटं घुसलं. "जनावराचा काय गुन्हा हाय," म्हणत हुती आन करंजखेडच्या सात पिढ्यांना शिव्या देत हुती. समदं एकदमच.

दुसऱ्या दिशी नानासो स्वतः आले. माझ्याकडं न्हाई, राहीबाईच्या अंगणात. मला तिथं बोलावून घेतलं. काठी टेकून बसले आन म्हणाले, "राहीबाई, वाट अडवलीस म्हणून ऐकलं."

"अडवली हुती."

"मग उघडलीस का?"

"तुमच्यासाठी न्हाई उघडली. त्या म्हशीसाठी."

नानासोंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "हवालदार, सभेत तू पाणी दिलंस तवा मला वाटलं, ह्यो डाव हाय. उद्या अडवतील आन मग सौदा करतील. मी वाटच बघत हुतो. अडवलंबी. पण सौद्याच्या आदीच उघडलं. आता मी कशाच्या जोरावर न्हाई म्हणू?"

तवापासनं चार बैठका झाल्या. सोपं गेलं न्हाई. ठरलं ते असं: पंचायत वेगळी व्हायला करंजखेड ठराव देणार. वाडीचं दूध त्यांच्या डेअरीत घेणार, त्याच फॅटला तोच भाव. पण डेअरीच्या मंडळात वाडीचा एक संचालक हुता, ती जागा आता न्हाई. वाडीचं सोताचं दूधकेंद्र उभं राहीपर्यंत दूध घालायचं, पण मंडळात बोलायचं न्हाई. पाचवीच्या पुढची त्यांची साळा आपल्या पोरांना पयल्यासारखीच मोकळी.

राहीबाई तडकली. "दूध आमचं आन त्वांड तुमचं?" मलाबी ते लागलं. दोन दिस विचार केला. मग सही केली. काल खास ग्रामसभेत ठराव झाला. अकरा जण विरोधात, पण झाला.

तुला पुस्तकात असा नियम सापडला न्हाई, हे खरंच हाय. मलाबी सापडला न्हाई. राहीबाईनं फांदी काढली नसती तर काय झालं असतं, सांगता येत न्हाई.

कागद सांगलीला झेडपीत मी स्वतः नेऊन देणार.

केरू

•

कोरेगाव
३ मार्च १९९७

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. राहीबाईंच्या शिव्यांपाशी ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "पुन्यांदा वाच." तीन वेळा वाचलं.

मंडळातली जागा गेली, त्याचं मला वाईट वाटतं. पण ग्रीनलँडच्या माणसांनाही बाहेर पडल्यावर त्या संघाच्या सभेत खुर्ची उरली नव्हती. बाजार राहिला, खुर्ची गेली. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. तेव्हा मला फक्त जिंकल्याचा भाग दिसला होता.

ट्रंकेतला माझा मसुदा फाडून टाका. किंवा नको, राहू द्या. मला कधीतरी पुन्हा वाचावा लागेल.

तुमची,
दीपमाला

•

भोकरवाडी
१७ ऑगस्ट १९९८

चि. दीपमाला,
जयभीम.

आला! दीड वर्ष झेडपीच्या पायऱ्या झिजवल्या, साहेब बदलले, फाईल एकदा सापडंना झाली, पण हुकूम आला. भोकरवाडीची पंचायत वेगळी झाली. चावडीवर कागद लावलाय. ज्यांना वाचाय येत न्हाई तीबी येऊन बघून जात्यात.

पण मला समाधान कवा झालं सांगू? काल सकाळी. हुकमानंतरचं पयलं दूध जायाचं हुतं. करारावर सह्या हायत, तरी मनात धाकधूक. कोणतरी म्हणंल, आता तुमी बाहेरचे. मी बायकांबरूबर चालत गेलो. सतरा किटल्या. राहीबाईची पयली.

डेअरीचा सचिव नवा पोरगा हाय. त्यानं वहीत बघितलं, किटलीकडं बघितलं, म्हणाला, "हे गाव आता आपल्यात न्हाई ना?" 

राहीबाई कमरेवर हात ठिवून म्हणली, "का रं? आमी आता परदेशी झालो व्हय?"

आतनं नानासोंचा आवाज आला. "परदेशी न्हवं रं, शेजारी. घे दूध."

घेतलं. फॅट लावली. तिच्या म्हशीची सात निघाली, त्या दिशी डेअरीत एवढी कुणाचीच न्हाई. परत येताना बायका इतक्या मोठ्यानं बोलत हुत्या की रानातली माणसं उभी राहून बघत हुती.

आता नवं काम. पंचायतीची पयली निवडणूक लागणार. बायकांच्या जागा हायत. राहीबाई उभी ऱ्हाणार म्हणती. म्हणती, "तिकडं त्वांड बंद केलं, हितं उघडते." अर्ज भरायचे, नियम वाचायचे, वाडीला पुढच्या साली सोताची डेअरी काढायची तर काय करायचं तेबी ठरवायचं हाय. ३० तारखंला, रविवारी समदी पारावर बसणार. तू येशील का? अंजनालाबी आण.

केरू

•

कोरेगाव
२१ ऑगस्ट १९९८

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

आई आणि मी ३० तारखेला, रविवारी पहिल्या एसटीनं निघतो, आटपाडीत दुपार होईल. आईनं आज सकाळीच पिशवी भरून ठेवली. तिला म्हटलं, अजून नऊ दिवस आहेत. म्हणाली, "असू दे."

कोरे कागद, कार्बन आणि दोन पेनं मी घेऊन येते. राहीबाईंचं नाव मतदारयादीत नीट लागलं आहे का, तेवढं तालुक्याला बघून ठेवा.

या वेळी मसुदा करून आणत नाही, मामा. आधी सगळ्यांनी बोलायचं. राहीबाईंनी सर्वांत आधी. मी ऐकेन, आणि मग लिहीन.

तुमची,
दीपमाला